कांगा लीगने फलंदाज घडवले, हे आपण कशावरून म्हणतो?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलांची एक ठरलेली तक्रार असते. "आमच्या विषयातलं सगळं सगळ्यांना आधीच माहीत आहे, आता नवीन काय सिद्ध करायचं?" आज उलट्या बाजूने जाऊ. सगळ्यांना माहीत असलेलं एकच वाक्य घेऊ आणि ते सिद्ध करायला काय काय लागेल ते बघू. वाक्य क्रिकेटचं आहे, मुद्दा मात्र तुमच्या प्रस्तावाचा आहे.

वाक्य असं: "कांगा लीगने मुंबईचे फलंदाज घडवले."

हे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, समालोचनात ऐकलं असेल. कांगा लीगला मुंबई क्रिकेटची "नर्सरी" म्हणतात. मी पीक पैदासशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे नर्सरी शब्द कानावर पडला की मला लगेच वाफे, ओळी आणि लेबलं दिसायला लागतात. आमच्याकडे ऑफ-सीझन नर्सरी नावाची अगदी नेमकी गोष्ट आहे. तिचं काम काय आणि काय नाही, हे पहिल्या वर्षीच घोटून घेतलं जातं. क्रिकेटच्या नर्सरीला तोच नियम लावून बघू.

आधी लीग समजून घेऊ

डॉ. होरमसजी कांगा हे पारशी संघाचे गाजलेले फलंदाज आणि पुढे मुंबईच्या क्रिकेट संघटनेतले मोठे पदाधिकारी. त्यांच्या नावाने १९४८ मध्ये ही लीग सुरू झाली. वैशिष्ट्य एकच, पण भलतं. ती पावसाळ्यात खेळली जाते. बाकीचं क्रिकेट बंद असतं, मैदानांवर गवत वाढलेलं असतं, खेळपट्टी झाकलेली नसते, आणि रविवारी पाऊस थांबला तर मॅच. ए पासून जी पर्यंत सात विभाग, खालून वर बढती आणि वरून खाली घसरण. इंग्लंडच्या ओल्या खेळपट्ट्यांची आपल्या पोरांना सवय व्हावी, हा यामागचा हेतू सांगितला जातो.

हंगाम संपल्यावर होतकरू खेळाडूंना खेळवायचं, ही कल्पना फक्त आपली नाही. अमेरिकेत बेसबॉलची अॅरिझोना फॉल लीग १९९२ पासून चालते. मुख्य हंगाम संपला की मोठ्या लीगमधले तीसही क्लब आपापले निवडक तरुण खेळाडू वाळवंटातल्या फिनिक्स शहराच्या परिसरात पाठवतात. त्यांचे सहा संघ करतात आणि साधारण सहा आठवडे, तीसेक सामने खेळवतात. बेसबॉल माहीत नसेल तरी हरकत नाही. एवढंच लक्षात ठेवा की एक जण चेंडू फेकतो, दुसरा दांडक्याने मारतो, आणि मारणाऱ्याचा यशाचा दर दशांशात मोजतात. ०.२५० म्हणजे शंभर मोजलेल्या संधींमध्ये पंचवीस यशस्वी फटके.

दोन्ही लीगमधलं साम्य बघा. खरा हंगाम वेगळा आहे, आणि बघायला घेतलेला हंगाम वेगळा आहे. सगळी गंमत आणि सगळी गफलत इथेच आहे.

आमच्या नर्सरीचा नियम

गव्हाचं उदाहरण घेऊ. मैदानी भागात गहू रब्बीत येतो. पुढच्या रब्बीची वाट बघत बसलं तर वर्षाला एकच पिढी मिळते. म्हणून उन्हाळ्यात तेच बी हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात दलंग मैदान इथे किंवा निलगिरीत वेलिंग्टनला पेरतात. वर्षात दोन पिढ्या निघतात, नवा वाण लवकर तयार होतो. ज्वारीसाठी अशी नर्सरी तेलंगणात वरंगळला आहे.

मात्र एक पथ्य कडक पाळावं लागतं. ऑफ-सीझन नर्सरीत पिढी पुढे न्यायची, उत्पादनावरून निकाल द्यायचा नाही. कारण तिथलं हवामान, दिवसाची लांबी, रोग आणि किडी सगळं वेगळं. आपल्या परभणीच्या काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी घ्या. ती पेरणीनंतर बहुतेक साठवलेल्या ओलीवर जगते. दाणे भरताना ओल संपत आली की खडखड्या रोग जोर करतो, ताट आतून पोकळ होतं आणि आडवं पडतं. तीच ओळ उन्हाळ्यात पाणी देऊन वाढवली तर सुंदर दिसेल. पण तिची खडखड्याची परीक्षा झालेलीच नसेल. त्या सुंदर दिसण्यावर तिला निवडणं म्हणजे वेगळ्याच विषयाच्या पेपरवर मार्क देणं.

आता हा नियम हातात धरून मूळ वाक्याकडे या. "घडवले" या क्रियापदात कारण आणि परिणाम असा दावा आहे. त्याला पाच ठिकाणी टोचून बघू.

पहिली टोचणी: आधी आणि नंतर

लीगचे चाहते विजेतेपदांकडे बोट दाखवतात. आकडेही तगडे आहेत. रणजी करंडक १९३४-३५ ला सुरू झाला. लीग येईपर्यंतच्या १४ हंगामांत मुंबईने तो ४ वेळा जिंकला. पुढच्या १० हंगामांत ५ वेळा. आणि १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा. आज एकूण ४२ विजेतेपदं आहेत. लीग आली, दहा वर्षांत पोरं मोठी झाली, आणि मग कुणाला हात लावू दिला नाही. गोष्ट कशी घट्ट बसते ना?

बसते, म्हणूनच सावध व्हायचं. त्याच काळात आणखी काय बदललं? स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली. चाळीसच्या दशकात आणि पन्नासच्या सुरुवातीला मुंबईचा खरा प्रतिस्पर्धी होता इंदूरचा होळकर संघ. सी. के. नायडूंच्या त्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात ४ वेळा करंडक नेला. संस्थानाचा आश्रय गेला आणि १९५४-५५ नंतर तो संघच उरला नाही. बडोद्याचा संघ टिकला आणि १९५७-५८ चा करंडकही त्यांनी जिंकला, पण राजाश्रयाचे दिवस त्यांचेही सरले होते. दुसरीकडे मुंबईत कंपन्या आणि बँका क्रिकेटपटूंना नोकऱ्या देत होत्या, त्यांचे आपसातले सामने चुरशीचे होत होते.

म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी घडल्या: लीग सुरू झाली, स्पर्धक दुबळे झाले, शहरात नोकऱ्या आल्या. निकालाचं श्रेय आपण एकीलाच दिलं. याला आपल्या भाषेत कन्फाउंडिंग म्हणतात. खत टाकलं त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला, आणि शेजारच्या शेतात खत न टाकलेला पट्टाच ठेवला नाही, तर उत्पादन खताने वाढलं की पावसाने, हे सांगणार कसं? कांगा लीगला तो शेजारचा पट्टा नाही. मुंबईत जो मनापासून खेळायचा तो जवळजवळ प्रत्येक जण लीग खेळायचा. लीग न खेळलेला मुंबईकर, म्हणजे कंट्रोल, मिळणं मुश्कील.

दुसरी टोचणी: यादी कुणी केली?

लीगमधून गेलेल्या मोठ्या नावांची यादी सांगितली जाते. सचिन तेंडुलकर १९८४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, जॉन ब्राइट क्लबकडून लीगमध्ये उतरला, हे उदाहरण हमखास येतं. पण विचार करा. सात विभाग, दर वर्षी शेकडो खेळाडू, सत्तर-पाऊणशे वर्षं. एवढ्यांतून पाच-पन्नास नावं मोठी झाली, ती आपल्याला पाठ आहेत. ओल्या खेळपट्टीवर लागोपाठ शून्यावर बाद होऊन ज्याचा आत्मविश्वास गेला आणि ज्याने बॅट माळ्यावर टाकली, त्याचं नाव कोणत्याच यादीत नाही. शंभर ओळी पेरल्या, पाच जगल्या, आणि त्या पाचांकडे बघून "जमीन किती चांगली!" म्हणालो तर गाइड काय म्हणतील?

उलट तपासणीही करा. लीग नसताना असे फलंदाज होत नव्हते का? विजय मर्चंट लीगच्या आधीच घडलेले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात, म्हणजे लीग सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी, त्यांनी इंग्लंडच्या ओल्या उन्हाळ्यात दोन हजारांवर धावा काढल्या, सरासरी ७४ च्या पुढे. एका उदाहरणाने लीग निरुपयोगी ठरत नाही. पण "लीगशिवाय हे शक्य नव्हतं" एवढं तरी कुणी म्हणू नये.

तिसरी टोचणी: नेमका कोणता गुण?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. मुंबईच्या फलंदाजीची ख्याती कशाची? सरळ बॅट, जमिनीलगतचे फटके, विकेट फेकायची नाही, खडूसपणा. आता लीगचं मैदान डोळ्यांसमोर आणा. गवत घोट्याएवढं वाढलेलं. जमिनीवरून मारलेला सुंदर ड्राइव्ह पंधरा-वीस पावलांवर गवतात अडकून बसतो. धावा हव्या असतील तर चेंडू हवेतून मारावा लागतो. चेंडू कधी उसळतो, कधी घसटतो, त्यामुळे तासभर तग धरून बसण्यातही फार शहाणपण नाही. चांगला चेंडू येण्याआधी चार धावा पळवलेल्या बऱ्या. म्हणजे त्या परिस्थितीत बक्षीस मिळतं ते उचलून मारण्याला आणि संधीसाधूपणाला. मग तिथून जमिनीलगत खेळणारी शाळा कशी काय तयार झाली?

चाहते म्हणतील, "अवघड परिस्थितीत डोळा तयार होतो, चेंडू उशिरा खेळायची सवय लागते." असेल. पण मग गोलंदाजांचं काय? ओल्या खेळपट्टीचा सगळ्यात जास्त फायदा मध्यमगती गोलंदाजांना. तरी "कांगा लीगने वेगवान गोलंदाज घडवले" असं कुणी म्हणत नाही. विचारलं तर उत्तर येतं, "त्यांना तिथे सगळं सोपं मिळतं, म्हणून ते घडत नाहीत." बघा हं! ज्याला अवघड गेलं तो अवघड गेल्यामुळे घडला, ज्याला सोपं गेलं तो सोपं गेल्यामुळे घडला नाही. उद्या लीगमधून चार वेगवान गोलंदाज निघाले तर "अनुकूल परिस्थितीत आत्मविश्वास आला" म्हणायला आपण मोकळे. जो सिद्धांत कोणताही निकाल लागला तरी बरोबरच ठरतो, तो काहीच सांगत नाही. तुमच्या हायपोथेसिसला हा प्रश्न विचारा: काय दिसलं तर मी चूक ठरेन? उत्तर नसेल तर पुन्हा लिहा.

चौथी टोचणी: आकडा किती लहान आहे?

आता अॅरिझोनाला जाऊ, कारण तिथे आकडे चोख मिळतात. मायकल जॉर्डन, बास्केटबॉलचा बादशहा, १९९४ मध्ये बेसबॉल खेळायला गेला होता. मुख्य हंगामात बर्मिंगहॅम बॅरन्स या संघाकडून त्याचा दर ०.२०२ पडला. शरद हंगामात स्कॉट्सडेल स्कॉर्पियन्सकडून ०.२५२. बातमी काय झाली असेल? "जॉर्डन सुधारला."

गणित करू. मुख्य हंगामात त्याला चारशेवर संधी मिळाल्या होत्या. फॉल लीगमध्ये साधारण १२० धरू. यशाचा खरा दर ०.२५ असेल आणि संधी १२०, तर स्टँडर्ड एरर म्हणजे ०.२५ गुणिले ०.७५ भागिले १२०, त्याचं वर्गमूळ. उत्तर ०.०४ च्या आसपास. म्हणजे नुसत्या नशिबाने आकडा ०.१७ पासून ०.३३ पर्यंत कुठेही पडू शकतो. मुख्य हंगामाची चूक साधारण ०.०२ येते. दोन्हींचा फरक ०.०५, आणि फरकाची चूक ०.०४४. हा फरक चुकीच्या सव्वापटीपेक्षाही कमी! यावर "सुधारला" लिहून पेपर पाठवला तर रिव्ह्यूअर परत पाठवेल. शिवाय कोरड्या वाळवंटी हवेत चेंडू लांब जातो, आणि वर्षभर फेकून दमलेल्या उत्तम फेकणाऱ्यांना क्लब अनेकदा तिथे पाठवतच नाहीत. म्हणजे परीक्षकही सौम्य.

उलटं उदाहरणही आहे. माइक ट्राउट २०११ च्या फॉल लीगमध्ये ०.२५० च्याही खाली राहिला. पुढच्याच वर्षी मोठ्या लीगमध्ये त्याने ०.३२६ ने फटकावलं आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान एकमताने मिळवला.

क्रिकेटमध्ये तर परिस्थिती आणखी वाईट. एका फलंदाजाच्या धावांचा पसारा साधारण त्याच्या सरासरीएवढाच मोठा असतो. समजा पावसाळ्यात पोराला आठ डाव मिळाले आणि सरासरी ३० आली. चूक किती? ३० भागिले आठचं वर्गमूळ, म्हणजे जवळपास साडेदहा. तो पोरगा खरा २० चा आहे की ४० चा, हे त्या आठ डावांवरून सांगता येत नाही.

एका सामन्यात हे किती टोकाला जातं बघा. जून १९५२, लीड्स, इंग्लंड. मुंबईचा विजय मांजरेकर पहिल्या डावात १३३ काढतो. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रुमनसमोर भारताची अवस्था शून्यावर चार बाद, आणि त्या चारांत मांजरेकर, शिवाय मुंबईचाच माधव मंत्री. लीग सुरू होऊन चार वर्षं झाली होती. चाहता १३३ दाखवेल, टीकाकार शून्य दाखवेल. माणूस तोच, सामना तोच. दोघांनीही आपल्याला हवा तो आकडा उचलला, एवढाच त्याचा अर्थ.

पाचवी टोचणी: कशासाठी तयार करताय?

आमच्या नर्सरीचा शेवटचा प्रश्न असतो: वाण शेवटी कुठे पेरणार आहात? कांगा लीगचा हेतू इंग्लंडच्या उघड्या, ओल्या खेळपट्ट्या हा होता. १९४८ मध्ये तो अगदी रास्त होता. पण १९८० च्या आसपास इंग्लंडमध्येही कसोटीच्या खेळपट्ट्या पूर्ण झाकल्या जाऊ लागल्या. ज्या परीक्षेची तयारी करून घ्यायची, ती परीक्षाच अभ्यासक्रमातून गेली. तयारीचं वाक्य मात्र आपण तसंच म्हणत राहिलो.

याचा अर्थ वेगळ्या हंगामात खेळण्यात काही अर्थ नाही, असा नाही. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तेच केलं. गव्हाची एक पिढी उत्तरेकडच्या सोनोरात, दुसरी तोलुकाच्या थंड पठारावर. बियाण्याला मध्ये विश्रांती लागते, असं तेव्हा मानलं जायचं. त्यांनी ते मोडलं. दिवस लहान असो की मोठा, कुठेही येणारे वाण त्यातून मिळाले. पण नीट बघा. त्यांचं काम जमलं ते दोन्ही ठिकाणी निवड केल्यामुळे. जे दोन्हीकडे टिकलं तेच पुढे गेलं. एका ठिकाणच्या दिमाखावर त्यांनी निकाल दिला नाही.

मग चांगला अभ्यास कसा असेल?

नुसती टीका करून उठलो तर उपयोग काय? हे वाक्य तपासता येईल, आणि त्याची किल्ली पावसातच आहे.

पाऊस कुणाची गुणवत्ता बघून पडत नाही. एखाद्या वर्षी एखाद्या मैदानावरचे चार रविवार वाहून जातात, दुसऱ्या वर्षी एकच. म्हणजे सारख्याच वयाच्या, सारख्याच विभागातल्या दोन पोरांपैकी एकाला पावसाने जास्त डाव दिले, दुसऱ्याला कमी. हे आपण ठरवलेलं नाही, खेळाडूने ठरवलेलं नाही, कोचनेही नाही. असा निसर्गाने करून दिलेला प्रयोग सहसा मिळत नाही. जास्त डाव मिळालेली पोरं पुढच्या कोरड्या हंगामात खरंच जास्त धावा काढतात का, हे बघायचं. काढत असतील तर लीग काहीतरी घडवते, असं म्हणायला पहिल्यांदा आधार मिळेल.

खाचखळगे आहेत. चांगला निचरा असलेलं मैदान बहुधा पैसेवाल्या क्लबकडे असतं, म्हणून तुलना एका मैदानाची त्याच मैदानाशी, वेगवेगळ्या वर्षांत करावी लागेल. "रणजीत निवड" हा निकाल मोजायला घेतला तर निवडलेली पोरं इतकी थोडी की काहीच हाती लागणार नाही. म्हणून कोरड्या हंगामातल्या धावा घ्याव्यात. आणि काय मोजणार ते आकडे उघडण्याआधी लिहून ठेवावं. दुसरा मार्ग बढती-घसरणीचा. थोडक्यात वर गेलेले क्लब आणि थोडक्यात राहिलेले क्लब जवळपास सारखेच असतात. वरच्या विभागातल्या कठीण गोलंदाजीने त्यांच्या फलंदाजांत फरक पडला का, हे तिथे दिसेल. जुने धावफलक सोमवारच्या वर्तमानपत्रांत छापून येत. ग्रंथालयात बसून ते भरून काढणं हे किचकट, पण एमएस्सीच्या प्रकल्पाला पुरेल असं काम आहे.

परभणीत बसून याची काळजी कशाला?

कारण श्रेय चुकीच्या गोष्टीला दिलं की नक्कलही चुकीच्या गोष्टीची होते. "लीगने खेळाडू घडतात" हे वाक्य खरं मानलं तर उपाय सोपा: प्रत्येक जिल्ह्यात लीग भरवा, कप द्या, फोटो काढा, झालं. पण मुंबईची खरी ताकद दुसरीकडेच असेल तर? एकट्या आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत. हॅरिस शील्डसारखी शालेय स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. खेळाडूला नोकरी देणारे होते, लोकलने मैदानावर पोहोचता येत होतं. हे सगळं वगळून फक्त लीग उचलून मराठवाड्यात आणली, तर वरंगळची नर्सरी झाली म्हणून परभणीच्या कोरडवाहू शेतात पीक येईल असं समजण्यासारखंच आहे ते.

दुसरं, लहान आकड्यांचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. मुंबईच्या पोराचे या रविवारचे आठ चेंडू वाईट गेले तर पुढचा रविवार आहे. आपल्याकडे जिंतूर किंवा गंगाखेडचा पोरगा पहाटेच्या एसटीने निवड चाचणीला जातो, नेटमध्ये दोन षटकं मिळतात, आणि त्यावर वर्षाचा निकाल लागतो. मराठवाडा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतो. २०२३ पासून गहुंज्यात सहा संघांची महाराष्ट्र प्रीमियर लीग होते, तीही जूनमध्ये, म्हणजे मुख्य हंगामाबाहेर. दार उघडलं हे चांगलंच. पण पाच-सहा डावांच्या आकड्याला शेवटचा निकाल मानलं तर नुकसान कुणाचं होतं? ज्याला दुसरी संधी मिळणार नाही त्याचं.

म्हणून माझं मत सरळ आहे. कांगा लीग फार मोलाची आहे, पण "घडवते" म्हणून नाही. अकरा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसांच्या गोलंदाजीसमोर उभं राहायला मिळतं, खालच्या विभागातल्या साध्या क्लबलाही वर जायची वाट असते, आणि बाकी सगळं बंद असताना बॅट हातात राहते. तिने संधी दिली, ही तिची खरी कमाई. पैदासशास्त्राच्या भाषेत, तिने पिढी पुढे नेली. उत्पादनाचा निकाल कोरड्या खेळपट्टीवर, मुख्य हंगामात, भरपूर डावांनंतर लागायला हवा.

आता तुमची पाळी. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात लाडकं वाक्य काढा, ज्यात "मुळे", "घडवतो", "वाढतो" असं काही आहे. त्याला हे पाच प्रश्न विचारा. त्याच वेळी आणखी काय बदललं? जे टिकले नाहीत ते माझ्या यादीत आहेत का? नेमका कोणता गुण, आणि काय दिसलं तर मी चूक ठरेन? माझा आकडा किती लहान आहे? आणि जिथे मोजलं तिथेच वापरणार आहे का? एका जरी प्रश्नाचं उत्तर "माहीत नाही" असं आलं तर नाराज होऊ नका. तुमच्या पीएच्डीचा विषय बहुधा तिथेच सापडेल.